टंचाईत इन्स्पेक्टर कशाला?

युद्ध, महामारी, दुष्काळ असं काही आलं की तपासणीबिपासणी बाजूला ठेवावी, आधी लोकांच्या पोटात चार घास जाऊ द्यावेत, असं म्हणणारे सध्या बरेच झालेत. त्या वादात दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटन हमखास येतं आणि फार वाईट पद्धतीने येतं. एक पार्टी सांगते, बघा, छोट्या छोट्या गावांत लोकांनी घरामागे पोसलेलं डुक्कर चोरून कापलं तर अन्न खात्याचे इन्स्पेक्टर वास काढत यायचे, युद्ध हिटलरशी चाललेलं आणि हे लोक खाटकाच्या मागे. दुसरी पार्टी लगेच गहिवरते, काय ती शिस्त, राजापासून रंकापर्यंत एकच रेशन, आपल्याकडे जमेल का हो असलं काही. दोघांनाही मांसाचा धंदा कसा चालतो याच्याशी देणंघेणं नाही. एकाला इन्स्पेक्टर नावाचा खलनायक हवाय, दुसऱ्याला साहेबाची आरती करायचीय.

माझं म्हणणं सरळ आहे. तपासणी किती कडक हवी हे माल किती कमी आहे यावर ठरत नाही, गिऱ्हाइकाला दुकानाकडे पाठ फिरवता येते की नाही यावर ठरतं. ज्याला दुसरीकडे जायची सोय आहे तो स्वतःच रोज तपासणी करत असतो, वास आला, रंग वेगळा दिसला, मागच्या वेळी पोट बिघडलं, की तो पुढच्या दुकानात जातो. युद्धात सरकार नेमकी हीच सोय काढून घेतं. आणि काढून घेतलीस ना, मग आता तूच बघ माल कसा आहे ते. म्हणजे टंचाईत इन्स्पेक्टर कमी करायचा नसतो, उलट एरवीपेक्षा जास्त लागतो.

आधी तिथे नेमकं काय झालं ते बघू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे माहीत नसतं. युद्धाच्या आधी ब्रिटनमध्ये १६,००० च्या आसपास खासगी कत्तलखाने होते. कत्तलखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका, छोट्या गावात खाटकाचं दुकान पुढे आणि मागच्या आवारात एक शेड, तिथेच जनावर कापायचं आणि सकाळी पुढे टांगायचं. कापायच्या आधी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेच्या, सॅनिटरी इन्स्पेक्टरला कळवायचं बंधन होतं, पण एक माणूस, त्याच्याकडे गटारं, विहिरी, पडकी घरं, साथीचे रोग हे सगळं, आणि दहा गावांत विखुरलेल्या अशा शेडी. तो पोचणार कुठे आणि कधी. जानेवारी १९४० मध्ये अन्न मंत्रालयाने गुरांचा सगळा व्यवहार ताब्यात घेतला. शेतकऱ्याने जनावर फक्त सरकारलाच विकायचं, ते संकलन केंद्रावर न्यायचं, तिथे प्रत ठरवून भाव मिळणार, आणि कापायचं ते फक्त ठरवून दिलेल्या जागी. १६,००० जागांच्या काही शे झाल्या. मग ११ मार्च १९४० पासून मटण-बीफचं रेशन सुरू झालं. गंमत म्हणजे हे रेशन वजनावर नव्हतं, पैशावर होतं. मोठ्या माणसाला आठवड्याला १ शिलिंग १० पेनीचं (शिलिंग म्हणजे १२ पेनी) मांस आणि सहा वर्षांखालच्या पोराला त्याच्या निम्मं. हलका तुकडा घेतला तर जास्त मिळणार, चांगला घेतला तर कमी. आणि प्रत्येक कुटुंबाने एका खाटकाकडे नाव नोंदवायचं, त्याच्याकडूनच घ्यायचं.

या नोंदणीकडे नीट बघा, सगळी मेख इथे आहे. ज्या गावात आधी चार खाटीक होते आणि बाई एकाशी भांडली की दुसऱ्याकडे जायची, तिथे आता ती एकाच दाराशी बांधली गेली. खाटकालाही माल निवडता येत नाही, जे धड वाट्याला येईल ते. त्यात रेशन पैशावर, म्हणजे कोणता तुकडा कोणाला हे त्याच्या मर्जीवर. मग काउंटरखालून कलेजी कोणाला, किडनी कोणाला, कारण या गोष्टी रेशनबाहेर होत्या, आणि हाडं-चरबी कोणाच्या नशिबी, हे एका माणसाच्या हातात गेलं. गावातला साधा खाटीक रातोरात छोटा सरदार झाला. अशा वेळी जर कोणी म्हणत असेल की बाजार आपोआप वाईट माल बाहेर फेकेल, तर त्याला विचारावंसं वाटतं, कुठला बाजार बाबा? बाजार तर सरकारने मार्चमध्येच बंद केला.

आता या वादातला मोठा घोळ. लोक ज्याला इन्स्पेक्टर इन्स्पेक्टर म्हणतात ते दोन वेगळे प्राणी होते. एक अन्न मंत्रालयाचा, त्याचं काम कूपन, भाव, लायसन्स, चोरून कापलेली जनावरं. दुसरा कौन्सिलचा सॅनिटरी इन्स्पेक्टर, आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखालचा, त्याचं काम टांगलेल्या धडात टीबी आहे का, यकृतात कृमी आहेत का, ताप असलेलं जनावर कापलंय का हे बघणं. पहिल्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी दुसऱ्याच्या खात्यावर टाकल्या जातात आणि मग निष्कर्ष निघतो की तपासणी म्हणजे छळ. आपल्याकडेही हेच होतं बघा, वजनमाप खात्याच्या माणसाने हप्ता मागितला की राग निघतो अन्न तपासणीवर. पहिल्या प्रकारच्या इन्स्पेक्टरचं समर्थन मी या लेखात करणार नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यात मलाही बऱ्याच शंका आहेत.

विरोधकांचं सगळ्यात भक्कम म्हणणं आधी मान्य करून टाकतो. काळा बाजार होता, सगळीकडे होता. शिक्षा कागदावर जबर होत्या, दोन वर्षं कैद, ५०० पौंड दंड आणि वर मालाच्या तिप्पट किंमत, तरीही होता. आणि नियंत्रण उठवलं की माल बाहेर येतो हेही खरं आहे. अमेरिकेचं १९४६ सालचं उदाहरण तर त्यांच्या बाजूने फारच जोरात आहे. भावनियंत्रण जूनअखेर संपलं, मग काही आठवड्यांत परत लावलं, तर पशुपालकांनी जनावरं बाजारात आणणंच बंद केलं, शहरांत खाटकांची दुकानं ओस पडली, शेवटी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने मांसावरचं नियंत्रण उठवलं आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला लोकांनी द्यायचा तो धडा दिला. हे सगळं बरोबर. पण या उदाहरणात काय उठलं? भावावरचं नियंत्रण उठलं. मांसाची आरोग्य तपासणी उठली नाही. राज्याच्या सीमेबाहेर जाणाऱ्या मांसाची १९०६ च्या कायद्याने सुरू झालेली केंद्रीय तपासणी त्या ऑक्टोबरच्या आधीही होती आणि नंतरही होती. उलट नियंत्रणाच्या काळात जे मांस चोरून कापलं जायचं ते या तपासणीला चुकवूनच यायचं, म्हणजे काळ्या बाजारातला खरा धोका जास्त भाव हा नव्हताच, खरा धोका न बघितलेलं मांस हा होता. भावनियंत्रण वाईट असेल तर ते काढा ना, त्यासाठी गाठी बघणाऱ्या माणसाला घरी कशाला पाठवताय?

गाठी म्हणजे काय ते सांगतो, कारण इथे बहुतेकांची समजूत चुकीची आहे. मांसाची तपासणी म्हणजे दुकानात येऊन तुकडा हुंगणं नव्हे. जनावराला टीबी होता की नाही हे मांडीच्या तुकड्यावरून दुनियेतला कुठलाही माणूस सांगू शकत नाही, तुमचा तीस वर्षांचा भरवशाचा खाटीकसुद्धा नाही. ते दिसतं डोक्याच्या आणि घशाच्या गाठींत, म्हणजे लसिका ग्रंथींत, फुफ्फुसात, फुफ्फुसालगतच्या गाठींत, यकृतात, तिल्लीत. आणि हे अवयव धडाला लागून, किंवा निदान ओळखता येतील असे शेजारी ठेवलेले असतील तरच. म्हणजे जनावर कापलं त्या जागी, त्या वेळीच बघायला हवं. एकदा डोकं एकीकडे, आतडी दुसरीकडे आणि मांडी तिसरीकडे गेली की संपलं. चोरून कापलेल्या जनावराचं पहिलं काम काय तर हे सगळं नाहीसं करणं, पुरून टाकणं, कारण तोच पुरावा असतो. त्यामुळे चोरीचं मांस आणि न तपासता येणारं मांस ही एकच गोष्ट होते, विकणारा कितीही देवमाणूस असला तरी. आणि टीबी ही काही पुस्तकी भीती नव्हती, त्या काळात ब्रिटनमधल्या दुभत्या गाईंपैकी ४० टक्क्यांच्या आसपास गाई टीबीच्या चाचणीत सापडत होत्या. माणसाला तो मुख्यतः दुधातून व्हायचा, मांसातून कमी, हेही सांगायला हवं, नाहीतर मी पण अतिशयोक्तीच्या पार्टीत जाईन. पण म्हाताऱ्या गाई शेवटी कापायलाच जायच्या.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, खाटीक काय आपल्याच शेजाऱ्याला विष घालणार आहे का, त्याची अब्रू हीच त्याची तपासणी. हो, बऱ्याच गोष्टींसाठी हे पुरतं. शिळं मांस, पाणी मारलेलं मांस, मेंढीच्या नावावर बोकड, हे गाव पकडतंच. पण १८६५ साली प्रशियातल्या, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या, हेडर्सलेबन नावाच्या गावात काय झालं ते वाचा. २,००० च्या आसपास वस्ती. डुकराचं मांस, त्यात ट्रायकिना नावाची कृमी, ३३७ माणसं आजारी आणि १०१ मेली. एवढ्याशा गावात खाटीक अनोळखी असणार कुठून? त्याची अब्रू नव्हती का? अब्रू होती, सूक्ष्मदर्शक नव्हता. रुडॉल्फ फिर्खो हा जर्मन डॉक्टर तेव्हा हेच ओरडून सांगत होता की प्रत्येक डुकराच्या मांसाचा कण भिंगाखाली बघा, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत अर्थातच खाटीक पुढे होते, म्हणत होते आमच्या धंद्यावर अविश्वास दाखवताय. अविश्वासाचा प्रश्नच नाही. जे विकणाऱ्यालाही दिसत नाही ते त्याच्या प्रामाणिकपणाने कसं दिसेल?

म्हणून युद्धकाळात ब्रिटनने कत्तल थोड्या जागी आणली त्याचा एक परिणाम असा झाला जो कोणी फारसा ठरवून केला नव्हता. हेतू होता कातडी, चरबी, आतडी काही वाया जाऊ नये, वाहतूक आटोक्यात राहावी, हिशेब ठेवता यावा. पण सगळी जनावरं एका छपराखाली येऊ लागल्यावर तो दहा गावं हिंडणारा सॅनिटरी इन्स्पेक्टर पहिल्यांदाच प्रत्येक धड बघू शकला. याची किंमतही होती आणि ती मोजावीच लागेल. जनावरं लांबून यायची, मांस उन्हातान्हात ट्रकमधून परत जायचं, छोट्या खाटकांच्या हातातलं कापण्याचं कसब गेलं, गावाची शेड एकदा बंद पडली ती पडली. मोठ्या जागी घाण झाली तर ती एका गावापुरती न राहता पन्नास गावांत जाते हा धोकाही खराच. हे सगळं मान्य. पण पुढचा इतिहास बघा. १९५४ च्या जुलैमध्ये मांसाचं रेशन संपलं, खासगी कत्तलखाने परत हजारोंनी उघडले, आणि पुन्हा तेच, इन्स्पेक्टर एक आणि शेडी पन्नास. कापलेलं प्रत्येक जनावर तपासलंच पाहिजे अशी सक्ती तिथल्या कायद्यात यायला १९६३ उजाडावं लागलं. जे युद्धाच्या धामधुमीत प्रत्यक्षात जमलं होतं ते शांततेत कागदावर यायला नऊ वर्षं. आता सांगा, टंचाईत तपासणी परवडत नाही म्हणजे काय?

तिसरा आक्षेप भावनेचा आहे पण टाळण्यासारखा नाही. लोकांना आठवड्यातून मुठीएवढं मांस मिळतंय आणि हा साहेब अख्खं धड नापास करून फेकतो, हे बघवतं का? नाही बघवत. पण अख्खं धड फेकतो हेच मुळात खोटं आहे. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचं १९२२ सालचं पत्रक होतं ते सांगायचं की रोग सगळ्या शरीरात पसरला असेल तरच सगळं जनावर बाद, एका जागी असेल तर तेवढा अवयव काढा आणि बाकीचं सोडा. म्हणजे काय ठेवायचं हे ठरवायलाच जाणता माणूस लागतो. तो नसेल तर दोनच गोष्टी होतात, घाबरट माणूस सगळं पुरतो किंवा लोभी माणूस सगळं विकतो. जर्मनीत तर याच्याही पुढची सोय होती, मला ती फार आवडते. तिथे नगरपालिकेच्या देखरेखीखाली एक वेगळा ठेला असायचा, फ्रायबांक म्हणायचे त्याला. जे मांस खायला चालतं पण पहिल्या प्रतीचं नाही, किंवा शिजवून निर्धोक केल्यावरच चालतं, ते तिथे तसं जाहीर सांगून कमी भावात विकायचं. गरीब रांग लावायचे. लाजिरवाणं वाटत असेल काहींना, असेलही. पण गरिबाला स्वस्त मांस हवं असेल तर ते सांगून द्या की, अंधारात कशाला? अंधारात दिलेलं स्वस्त मांस शेवटी महागच पडतं, आणि ते विकत घेणारा तोच गरीब असतो ज्याच्यासाठी हे वाद घालणारे गळा काढतात.

तज्ज्ञांवर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्यांसाठीही माझ्याकडे एक उदाहरण आहे, त्यांनीच द्यायला हवं होतं पण देत नाहीत. पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या प्राध्यापक मंडळींनी हिशेब मांडला की डुकरं माणसाच्या वाट्याचे बटाटे आणि धान्य खातात, तेव्हा ती कमी करा. १९१५ च्या सुरुवातीला लाखोंनी डुकरं कापली. काही काळ बाजार मांसाने भरून वाहिला, मग मांसही गेलं, चरबीही गेली आणि शेतांना लागणारं खतही गेलं. बटाटा काही त्यामुळे वाचला नाही, १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी गुरांना घालायच्या सलगमवर काढला. कागदावरच्या हुशारीने देशाची उपासमार कशी होते याचा हा नमुना. पण हा मूर्खपणा कोणाचा? पुरवठा ठरवणाऱ्यांचा. धड उघडून बघणाऱ्या माणसाचा नाही. लांब बसून किती डुकरं हवीत हे ठरवणं आणि समोर टांगलेलं डुक्कर निरोगी आहे का हे बघणं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पहिल्या गोष्टीत सरकार चुकतं म्हणून दुसरीही सोडून द्या हे तर्कशास्त्र मला कळत नाही.

आता आरती करणाऱ्यांकडे वळू, त्यांना असंच सोडून चालणार नाही. राजापासून रंकापर्यंत एकच रेशन हे ऐकायला छान आहे पण हॉटेलात जेवलं तर कूपन लागत नव्हतं. ज्याच्या खिशात पैसे तो रेशन घरी ठेवून बाहेर जेवायचा. फारच बोंब झाली तेव्हा १९४२ मध्ये हॉटेलच्या जेवणावर ५ शिलिंगची मर्यादा आली, आणि तीही मोठ्या हॉटेलांनी वरचे आकार लावून बरीच सैल केली. सॉसेज रेशनबाहेर होतं, पण त्यात पाव किती आणि मांस किती यावर अख्ख्या देशाने विनोद केले. आणि ज्या शिस्तीचं कौतुक चाललंय त्यात सगळ्यात कमी रेशन कधी मिळालं? बॉम्ब पडत असताना नव्हे, १९५१ मध्ये, युद्ध संपून सहा वर्षांनी, आठवड्याला ८ पेनीचं, कारण अर्जेंटिनाशी भावावरून बिनसलं होतं. लोकांनी ते देशप्रेमाने गोड मानून घेतलं असं समजू नका, त्याच वर्षी सरकार पडलं. तर युद्धकाळातला अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन हा चांगला मंत्री होता, दुकानदारीतून आलेला, लोकांशी बोलायचं कसं हे त्याला समजत होतं, पण तो गेल्यावरही व्यवस्था टिकली ती काही इंग्रजांच्या रक्तात शिस्त असते म्हणून नाही. गावोगावी अन्न नियंत्रण समित्या होत्या आणि त्यांत व्यापाऱ्यांपेक्षा ग्राहकांचे प्रतिनिधी जास्त ठेवले होते. गावातली बाई उठून गावातल्याच माणसाला जाब विचारू शकत होती. या एका गोष्टीबद्दल मात्र कोणी आरती केली तर मी टाळ वाजवीन.

कारण जबाबदारी कोण घेतो याला मांसाच्या बाबतीत फार महत्त्व असतं, आणि त्याचं सगळ्यात कडू उदाहरण आपल्याच माणसांचं आहे. मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं कुत, टायग्रिस नदीच्या वळणातलं छोटं गाव. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ तुर्कांनी ते वेढलं होतं आणि आत अडकलेली डिव्हिजन होती सहावी, पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, म्हणजे सातारा-रत्नागिरी-कोल्हापूरकडची पोरं. गावात सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासीही होते. जानेवारीच्या शेवटी घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी खाल्लं. हिंदी सैनिकांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही, बहुतेकांनी नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्रावरून आली, तरी नाही. लोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला नाही तसं वाटत. तारेवर आलेली परवानगी गावी परत गेल्यावर कोण मानणार, पंगतीत बसू कोण देणार, ही साधी भीती होती आणि ती रास्त होती, कारण हमी देणारा माणूस त्यांच्या समोर नव्हता, हजारो मैल लांब होता आणि गोऱ्या साहेबाच्या तोंडून बोलत होता. परिणाम वैद्यकीय अहवालांत नोंदलेला आहे. मांस न खाणाऱ्या हिंदी सैनिकांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला. मांस खाणाऱ्या गोऱ्यांना तो फारसा झाला नाही, पण पांढऱ्या पिठाच्या पावामुळे त्यांच्यात बेरीबेरी, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, आली, जी जवाचं जाडंभरडं पीठ खाणाऱ्या आपल्या लोकांत आली नाही. एप्रिलमध्ये धान्य अगदीच कमी केलं आणि तिथला सेनापती जनरल टाउनशेंडने दटावलं तेव्हा हजारोंनी घोडा खायला घेतला, तोवर उशीर झाला होता, महिनाअखेर शरणागती. माल होता. डॉक्टर होते. सैनिकाला ज्याचा शब्द चालेल असा माणूस मधे नव्हता.

सैनिक हा तसाही सगळ्यात बांधलेला गिऱ्हाईक. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात अमेरिकन सैन्याला जे डबाबंद बीफ मिळालं त्यावर खुद्द सेनाप्रमुख जनरल माइल्सने आरोप केले, चौकशी बसली, त्या युद्धात लढलेल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने साक्ष देताना सांगितलं की असलं खाण्यापेक्षा... जाऊ दे, शब्द काही असोत, त्याला ते खाववलं नव्हतं. त्या युद्धात गोळीने मेले त्याच्या कितीतरी पट रोगाने मेले, मुख्यतः टायफॉइडने, त्यामुळे सगळं पाप बीफवर ढकलता येत नाही. पण शिपायाला कुठे म्हणता येत होतं की हा डबा नको, समोरच्या दुकानातला दे?

मग हे सगळं मी मराठीत कशाला लिहितोय, कोणाला इंग्लंडातल्या गाईच्या गाठींचं पडलंय. पडलंय अशासाठी की पाठ फिरवू न शकणारी गिऱ्हाइकं आपल्याकडे युद्ध नसतानाही आहेत. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रेशनवरचा लाल मिलो आणि कामावरची सुकडी खाल्ली त्यांना विचारा, निवड नावाची गोष्ट होती का. शाळेत पोषण आहार खाणाऱ्या पोराला दुसरी खानावळ नसते. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या गावात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली, तेलात कीटकनाशक होतं, आणि मुलांनी चव वेगळी लागतेय म्हटलं असलं तरी ती उठून जाणार कुठे होती? शिक्षकाने किंवा मोठ्या माणसाने आधी चव घ्यायची हा नियम आपण सगळे हसण्यावारी नेतो, कागदी नियम म्हणतो, पण त्यामागचं तत्त्व तेच आहे, खाणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल तर त्याच्या आधी कोणीतरी जबाबदार माणसाने ते तोंडात घातलं पाहिजे. रेशन कार्ड आता देशात कुठल्याही दुकानात चालतं ही त्यामुळेच मला तांदळाच्या प्रतीच्या दृष्टीनेही मोठी सुधारणा वाटते, अर्थात ज्या गावात दुकानच एक आहे तिथे तिचा उपयोग शून्य.

शहरातल्या माणसाला, ज्याच्या फोनवर सहा दुकानं मटण घरपोच द्यायला तयार असतात, त्याने खुशाल म्हणावं की इन्स्पेक्टर राज नको. त्याला खरंच कमी लागतो, गाठी सोडल्या तर. पण हेच तो वसतिगृहासाठी, अंगणवाडीसाठी, तुरुंगासाठी, पूर आल्यावर उघडलेल्या छावणीसाठी आणि उद्या देव न करो युद्ध आलं तर रेशनच्या रांगेसाठी म्हणायला लागला तर तो स्वतःची सोय दुसऱ्याच्या ताटावर लादतोय. इन्स्पेक्टर पैसे खातो हा आक्षेप मी विसरलेलो नाही. खातो. पण त्यावरचा उपाय इन्स्पेक्टरवर नजर ठेवणारे लोक वाढवणं हा आहे, आणि त्यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि थेट रेशन दुकान अशा प्रत्येक पातळीवर दक्षता समिती लिहून ठेवलेली आहे, ब्रिटनच्या त्या गावसमित्यांची लांबची बहीणच म्हणा. तुमच्या दुकानाच्या समितीवर कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन विचारता येतं. पुढच्या वेळी टंचाईत तपासणी हवी की नको यावर कोणी वाद काढला तर मी त्याला आधी तेवढं विचारून यायला सांगणार आहे.